चाळीस पेपर, एक लाल पेन्सिल

१

सरांच्या डोक्यावरचे घाव मोजणाऱ्या डॉक्टरांनी चौदावर येऊन मोजणं सोडून दिलं. "पुढचे एकमेकांत मिसळलेत," ते म्हणाले आणि हातमोजे काढून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

हत्यार शोधायची गरजच पडली नाही. फळ्याखाली, सरांच्या पायाशी ते पडलं होतं. शिसवी लाकडाचा गोल रूळ, हातभर लांब आणि मनगटाएवढा जाड. गेली पस्तीस वर्षं सर याच रुळाने इंग्रजी शिकवत होते. कुठल्या इंग्रजी शब्दापुढे कुठला चिमुकला शब्द येतो, ऑन की इन, टू की विथ, हा त्यांचा खास विषय. त्याला नियम नाही, ते पाठच करावं लागतं, आणि पाठ व्हायचं तर आधी पाठ सोलून निघाली पाहिजे, असा सरांचा खाक्या. पालक पोरांना त्यांच्याकडे घालायला रांगा लावत. पोरं रडत, पण शिकत.

इन्स्पेक्टर गुडघ्यांवर बसली. सरांच्या चेहऱ्याकडे पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिने हात पाहिला. उजव्या हाताची चार बोटं उलटी वळवून एकेक करून मोडलेली होती.

"हे आधी की नंतर?" तिने विचारलं.

"नंतर. मेल्यावर," डॉक्टर म्हणाले. "वेळ विचाराल तर दोन ते साडेसहाच्या मधली कुठलीही. याहून नेमकं मी सांगू शकत नाही."

इन्स्पेक्टरने आपला उजवा हात नकळत खिशात घातला. त्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. बारा वर्षांची असताना ती याच वर्गात 'मॅरिड विथ' म्हणाली होती. पुढे तिचं लग्न झालं, मोडलंही, पण 'मॅरिड'नंतरचं 'टू' काही पुन्हा चुकलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल तिला कणभरही वाईट वाटत नव्हतं, आणि त्याची तिला जराशी लाज वाटत होती.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला सरांचं टेबल होतं. तिकडे रक्ताचा थेंबही पोचला नव्हता. टेबलावर चाळीस पेपरांचा गठ्ठा, प्रत्येकावर लाल पेन्सिलीने मार्क टाकलेले, आणि वर ती पेन्सिल. दाराशेजारच्या खुंटीवर सरांचा खडूच्या धुळीसाठीचा लांब डगला नेहमी असायचा. खुंटी रिकामी होती.

"प्रेत कोणी पाहिलं?"

"वर्गाच्या मॅडमनी. साडेसहाला कुलूप लावायला वर आल्या होत्या," हवालदार म्हणाला. "खाली बसल्यात. आज सकाळीच त्यांनी सरांना सगळ्या पोरांसमोर धमकी दिली होती म्हणे."

२

सरांचा धाकटा भाऊ वर्गाचं ऑफिस सांभाळायचा. त्याला सगळे भाऊच म्हणत. इन्स्पेक्टर बोलायला लागली तशी त्याने मान फिरवून उजवा कान पुढे केला.

"डाव्याने ऐकू येत नाही," तो म्हणाला. "दादाने मलाही इंग्रजी शिकवायचा प्रयत्न केला होता. एकच आठवडा. त्यानंतर मी ऑफिसात बसलो. इंग्रजी पत्रं आली तर मॅडम वाचतात, उत्तरंही त्याच लिहितात."

"राग नाही आला कधी?"

"रोज यायचा. म्हणून काय भावाचा जीव घेऊ?"

त्याची हकिगत सरळ होती. सकाळी पहिला तास, मग अकरा ते एक परीक्षा. सव्वा वाजता दादा पेपर घेऊन वर गेला. चाळीस पेपर, प्रत्येकात वीस गाळलेल्या जागा. भिंग लावून, एकेक उत्तर निरखून तपासायला दादाला पाच तास लागायचे, ना कमी ना जास्त. तेवढ्या वेळात कोणी वर गेलं तर तो खाऊ की गिळू करायचा. भाऊ साडेपाचला निघून न्हाव्याकडे गेला आणि सात वाजेपर्यंत तिथेच होता. न्हावी शपथेवर सांगायला तयार होता.

"वर कोणी गेलं?"

"पुढच्या जिन्याने कोणी नाही. मागच्या जिन्याचं मला दिसत नाही."

मागच्या जिन्याने आले होते ते जावई. ते त्यांनी आपणहून सांगितलं. मोठ्या कंपन्यांच्या बैठकांमध्ये ते दुभाष्याचं काम करत. एकेकाळी सरांचे सर्वांत हुशार विद्यार्थी, मग त्यांचेच जावई. बोलणं मऊ, कपड्यांना सुरकुती नाही.

"आज पहिल्या तासाला त्यांनी माझ्या मुलीचं बोट मोडलं," ते म्हणाले. "स्वतःच्या नातीचं. नऊ वर्षांची आहे ती. 'लिसन'च्या पुढे 'टू' लावायला विसरली. मी दुपारी येऊन दोन शब्द बोललो, पावणेतीनला निघालो, घरी जाऊन पडलो. साडेचारपासून आठपर्यंत बैठकीत होतो. बारा माणसांना विचारा."

हवालदाराने बाराजणांना विचारलं. बाराच्या बारा हो म्हणाले.

राहता राहिल्या मॅडम. सहा वर्षं सरांच्या हाताखाली शिकवत होत्या. तिशीच्या, बारीक, आवाज खणखणीत.

"हो, म्हणाले मी," त्यांनी लपवलं नाही. "ती पोर बोट धरून खाली बसली होती आणि सर दुसऱ्यांदा रूळ उगारत होते. मी मधे पडले. म्हटलं, एक दिवस कोणीतरी तुमचीच बोटं मोडेल."

"आणि मोडली. साडेपाच ते साडेसहा तुम्ही कुठे होतात?"

"खालच्या वर्गात. फळ्यावर उद्याची वाक्यं लिहीत होते."

"सोबत कोण?"

"कोणी नाही. भाऊ गेल्यावर इमारतीत मी एकटीच होते."

इन्स्पेक्टरच्या डोक्यात हिशोब झटकन जुळला. सव्वाला सुरुवात, पाच तासांचं काम, सगळे पेपर तपासून पूर्ण. म्हणजे सव्वासहापर्यंत सर जिवंत होते. सव्वासहा ते साडेसहा इमारतीत दुसरं कोणी नव्हतं.

तिने हे मॅडमना बोलून दाखवलं. मॅडम नुसत्या मान हलवत राहिल्या. "नाही," त्या म्हणाल्या, "असं नाही झालेलं."

"मग कसं झालं? खरं बोल."

"मला माहीत नाही."

इन्स्पेक्टरने मारलं. हात कधी उचलला ते तिचं तिलाही कळलं नाही. मॅडम कपाटावर आपटल्या आणि खाली बसल्या. खालचा ओठ फुटून हनुवटीवर रक्त आलं. हवालदार खिडकीबाहेर बघू लागला. त्यानंतर मॅडमनी तोंड मिटलं ते मिटलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला त्यांना कोर्टात उभं करायचं ठरलं. एकदा खुनाचा शिक्का बसला की ही बाई पुन्हा वर्गात पाऊल ठेवू शकणार नव्हती, आणि इन्स्पेक्टरचा कागद कोर्टात टिकला तर तुरुंगाबाहेरही नाही.

३

सकाळी नऊ वाजता इन्स्पेक्टर पेपरांचा गठ्ठा घेऊन कोठडीत गेली. तिला एकच गोष्ट पक्की करायची होती. वकील विचारणार, हे पेपर सरांनीच तपासले कशावरून? सरांची खूण ओळखणारं माणूस एकच होतं, आणि ते गजांच्या आत होतं.

"एवढंच सांगा, ही पेन्सिल सरांची का?"

मॅडमचा ओठ सुजून काळा पडला होता. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलंच नाही.

"तुमची इच्छा," इन्स्पेक्टर म्हणाली आणि गठ्ठा बाकावर ठेवून उठली. दारापर्यंत पोचली तेव्हा मागे कागदांची सळसळ ऐकू आली. वर्गातली बाई, समोर पेपर दिसल्यावर किती वेळ हात आवरणार?

त्यांनी पहिला पेपर पाहिला, मग दुसरा. मग गठ्ठ्यातून दहावा आणि अकरावा काढून शेजारी शेजारी ठेवले आणि वाकून बघत राहिल्या. मग भराभर शेवटचे पाच-सहा चाळले. इन्स्पेक्टर दारातच थांबली.

"पेन्सिल सरांची आहे," मॅडम म्हणाल्या. बोलताना ओठ पुन्हा उलला, त्यांनी तो मनगटाने पुसला. "पण पेपर सरांनी तपासलेले नाहीत. सहाव्या प्रश्नापर्यंत सर आहेत. सातव्यापासून दुसरं कोणीतरी बसलंय."

४

"सर एका पोराचा पेपर कधीच सलग तपासत नसत," मॅडम सांगू लागल्या. "आधी चाळीसही पेपरांतला पहिला प्रश्न. मग पेन्सिलीला टोक करायचं आणि चाळीसही पेपरांतला दुसरा. असे वीस फेरे, पंधरा मिनिटांचा एक. म्हणायचे, पोराची पहिली चूक दिसली की दुसरं उत्तर आपण रागाने वाचतो, मग मार्कात अन्याय होतो. मलाही सहा वर्षं तसंच करायला लावलं. आता माझा हात दुसऱ्या रीतीने चालतच नाही."

मारताना ज्याने कधी मागेपुढे पाहिलं नाही, तो माणूस मार्क देताना एवढा जपत होता. इन्स्पेक्टरला हसावं की रडावं कळेना.

"मी चार वर्षं होते त्यांच्याकडे," ती म्हणाली. "मला हे माहीत नव्हतं."

"कसं असणार? विद्यार्थ्याच्या हातात त्याचा स्वतःचा एक पेपर येतो. वीसच्या वीस खुणा एकाखाली एक. त्याला वाटतं, सर आपला पेपर घेऊन वरून खाली तपासत आले. गठ्ठा फक्त मला दिसायचा. तपासताना सर खोलीत दुसऱ्या कोणाला घेत नसत, घरी पेपर नेत नसत."

पोलीस ठाण्याच्या लांब व्हरांड्यात हवालदाराने चाळीसही पेपर क्रमाने मांडले. उभं राहून पाहिलं आणि ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पहिल्या सहा प्रश्नांच्या खुणा पहिल्या पेपरात बारीक होत्या आणि चाळिसाव्यापर्यंत हळूहळू जाड होत गेल्या होत्या. प्रत्येक प्रश्नाला तेच, कारण फेरा संपला की सर टोक करत. सातव्यापासून खाली मात्र वेगळाच प्रकार. दहाव्या पेपरातल्या चौदाही खुणा जाडजूड, अकराव्यातल्या चौदाही सुईसारख्या. कोणीतरी एकेक पेपर पुरा करत गेलं होतं आणि दहा पेपर झाल्यावर पेन्सिलीला टोक केलं होतं.

इन्स्पेक्टर घड्याळ लावून बसली आणि तिने एका पेपरातली शेवटची चौदा उत्तरं स्वतः तपासली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"चाळीस पेपर म्हणजे ऐंशी मिनिटं," ती म्हणाली. "सरांचे पंधरा मिनिटांचे सहा फेरे, म्हणजे दीड तास. सव्वाला बसलेला माणूस पावणेतीनला थांबला, साहजिकच मेला म्हणून थांबला. बाकीचं खुन्याने केलं आणि चारच्या सुमाराला निघून गेला. सर सव्वासहापर्यंत जिवंत होते असं आपल्याला वाटावं म्हणून."

"मग मॅडमनीच नाही ना केलं, आपल्याला फसवायला?" हवालदाराने विचारलं.

"वेळ पुढे ढकलून स्वतःचीच मान अडकवायला? साडेपाचनंतर तीच एकटी होती तिथे. शिवाय पावणेतीन ते चार ती खाली पोरांना शिकवत होती."

"भाऊ?"

"त्याने पाचशे साठ उत्तरं तपासली? ऑन की इन हे त्याला देव आला तरी सांगता येणार नाही. उत्तरांचा कागद सर ठेवत नसत, सगळं डोक्यात. आणि मॅडमनी आत्ता पाहिलंय, एकही खूण चुकलेली नाही."

खुन्याला सगळी उत्तरं पाठ होती, पण गठ्ठा कसा तपासतात ते माहीत नव्हतं. चाळीसही पेपर सहाव्या प्रश्नाशी थांबलेले समोर असूनही घाईत त्याने आपल्या समजुतीप्रमाणे एकेक पेपरच पुरा केला होता. म्हणजे तो सरांचा विद्यार्थी होता, हुशार विद्यार्थी. तिने जी चूक केली, तीच त्याने केली होती. फरक इतकाच की तिच्या चुकीपायी एक निरपराध बाई आत बसली होती.

बारा वाजले होते. कोर्टाला तीन तास होते.

५

जावई बैठकीच्या खोलीत एकटेच होते. लांब टेबल, ओळीने खुर्च्या, मधे काचेचे पाण्याचे जग. इन्स्पेक्टरने दहावा आणि अकरावा पेपर त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी दोन्हीवरून नजर फिरवली. "मार्क बरोबर आहेत की."

"मार्क बरोबरच आहेत. रीत चुकली." तिने सगळं सांगितलं. सांगताना ती त्यांच्या हातांकडे बघत होती. उजव्या हाताची दोन बोटं सांध्यापाशी फुगीर होती, तिच्या बोटासारखीच कधीकाळी मोडलेली.

"पेन्सिलीच्या टोकावर मला फासावर देणार?"

"टोकावर नाही. डगल्यावर. सरांचा डगला खुंटीवर नाही. रक्ताने माखलेल्या शर्टाने कोणी रस्त्यावरून चालत नाही, वर काहीतरी चढवावंच लागतं."

दार उघडून हवालदार आत आला. त्याच्या हातात खडूच्या धुळीने पांढरा झालेला डगला होता आणि आतल्या अस्तरावर सुकलेलं तपकिरी रक्त. "यांच्या गाडीत होता, साहेब. सीटखाली कोंबलेला."

जावयांनी डगल्यावरून नजर काढून घेतली. मग बोलले तेव्हा तोच मऊ आवाज होता.

"मी मारायला गेलो नव्हतो. पोरीचं बोट लाकडासारखं सुजलं होतं. मी वर गेलो आणि इतका संतापलो होतो की तोंडातून इंग्रजीच बाहेर पडलं. 'आय अॅम अँग्री ऑन यू.' आयुष्यात पहिल्यांदा चुकलो. आपल्याकडे तुझ्यावर राग असतो ना, तसं आलं. आणि ते काय म्हणाले माहितेय? म्हणाले, 'अँग्री विथ. फळ्यावर दहा वेळा लिही.' मी माझ्या लेकीच्या मोडक्या बोटाबद्दल बोलत होतो आणि ते माझं वाक्य सुधारत होते. खडू पुढे केला त्यांनी. वर म्हणाले, तुझंही मोडलं होतं मी, झालास ना मोठा माणूस?"

"मग?"

"मी लिहिलं," जावई म्हणाले. "सात वेळा लिहिलं, इन्स्पेक्टर. चाळिशीचा बाप्या, निमूटपणे. आठव्या वेळी रूळ माझ्या हातात होता. नंतर फळा पुसला."

त्या क्षणापर्यंत तिला त्या माणसाचं सगळं कळत होतं. रुळाचे घाव कळत होते, बोटं मोडणंही कळत होतं. तिने स्वतः कित्येक रात्री मनात हेच केलं होतं.

"आणि मग हात पुसून, डगला चढवून, त्याच खोलीत बसून ऐंशी मिनिटं पेपर तपासलेत," ती म्हणाली. "काल संध्याकाळी मॅडमना पकडलं ते तुम्हाला कळलं होतं. तुमच्या मुलीसाठी रुळासमोर उभी राहिलेली ती एकटी बाई. तुम्ही रात्री घरी जाऊन झोपलात."

"सुटली असती ती."

"कशावरून?"

उत्तराऐवजी पाण्याचा जग आला. तो हवालदाराच्या कपाळावर फुटला आणि तो काचांसकट खाली कोसळला. पुढच्याच क्षणी इन्स्पेक्टरची पाठ भिंतीवर आपटली आणि दोन्ही अंगठे तिच्या गळ्यात रुतले. त्या मऊ माणसाच्या हातांत एवढं बळ असेल असं तिला वाटलं नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने गुडघा वर घातला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, तेव्हा पकड ढिली झाली. मग तिने त्यांचं मनगट धरून पिरगळलं आणि खांदा निखळेपर्यंत पिरगळत राहिली. ते टेबलावर तोंडघशी पडले. नाकातून रक्त येऊन दोन्ही पेपरांवर पसरलं.

तिची मूठ वर उठलेली होती. ते बेड्या घालण्याजोगे शांत पडले होते, आता मारायचं काही कारण नव्हतं. तरी मूठ खाली यायला वेळ लागला. हवालदार कपाळ दाबून धरत, धडपडत उठला आणि त्याने बेड्या पुढे केल्या.

६

अडीच वाजता तिने कोठडीचं कुलूप उघडलं. गळ्यावर अंगठ्यांचे निळे ठसे उमटले होते, आवाज घोगरा झाला होता. जावयांनी केलं, एवढंच तिने सांगितलं.

मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "आणि ती पोर?"

"आईजवळ आहे. तिला अजून सांगितलं नाही कोणी."

"तिला मी सांगेन," मॅडम म्हणाल्या. "बाकी कोणी सांगू नका."

बाहेर जायची वाट मोकळी होती, पण त्या हलल्या नाहीत. इन्स्पेक्टरने टोपी काढून काखेत धरली. काय बोलायचं ते तिने येताना गाडीत चार वेळा ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मी तुम्हाला मारलं," ती म्हणाली. "तुम्हीही मारा. मी हात वर करणार नाही."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. पेपर पाहताना पाहिलं होतं तसंच, सावकाश.

"नको," त्या म्हणाल्या. "मी मारलं की तुम्हाला बरं वाटेल, फिटलं म्हणून घरी जाल. मला तक्रार द्यायची आहे."

"कोणाविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध. घ्या लिहून."

ठाण्यात क्षणभर सगळ्यांचे हात थांबले. इन्स्पेक्टर टेबलाशी जाऊन बसली आणि कोरा कागद ओढला. मॅडम समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि सांगू लागल्या. इन्स्पेक्टरने स्वतःचं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, तारीख लिहिली, वेळ लिहिली.

"मी कपाटावर आपटले, ते लिहिलंत?"

"लिहिलं."

"ओठ फुटला?"

"तेही लिहिलं."

"मी खरं बोलत होते. तेही लिहा."

इन्स्पेक्टरचं पेन थांबलं. मग तिने ते लिहिलं आणि कागद मॅडमपुढे सरकवला. मॅडमनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तो वाचला, खाली सही केली आणि त्या उठल्या. कपाळाला पट्टी बांधलेला हवालदार न सांगता पुढे आला आणि साक्षीदार म्हणून त्याने सही केली.